प्रबंधाच्या प्रकरणातून शोधनिबंध काढताना

प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे कापून नियतकालिकाकडे पाठवले, तर ते बहुधा परत येते, कारण प्रकरण विषयाची साद्यंत माहिती मांडते आणि शोधनिबंधाला एकच मुद्दा सिद्ध करायचा असतो. म्हणून मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याकडून तो मुद्दा आधी एका वाक्यात लिहून घ्यावा. ‘कोल्हापुरी गूळ : एक अभ्यास’ हे नुसते शीर्षक झाले (असली शीर्षके आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात), ‘कोल्हापूरच्या गूळ सौद्यात चवीपेक्षा रंगाला अधिक भाव मिळतो’ हे विधान झाले, आणि ते खरे की खोटे हे सौद्यांच्या नोंदींवरून तपासता येते. त्या विधानाला न लागणारे तक्ते, कितीही कष्टाने केलेले असले तरी, बाजूला ठेवावेत. निबंधाच्या सुरुवातीला येणारा सारांश लिहावा मात्र सर्वांत शेवटी.

नियतकालिक निवडताना यूजीसी-केअर यादीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचा) आधार आता उरलेला नाही, कारण आयोगाने ती २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे मागील दोन-तीन अंक प्रत्यक्ष वाचावेत, संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का ते पाहावे, आणि आठवड्याभरात छापून देतो म्हणत आधी पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.