जगाला चक्कर मारणारं एकच तिकीट: रूट नापास होऊ नये म्हणून काय करायचं

भुसावळात रेल्वेवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सर्क्युलर जर्नी तिकीट समजावून सांगावं लागत नाही. ज्या स्टेशनवरून निघालो तिथंच गोल फिरून परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, आणि हे तिकीट खिडकीवर उभं राहून मिळत नाही, आधी रूट लिहून डिव्हिजनच्या कमर्शियल ऑफिसकडून पास करून घ्यावा लागतो. विमानाचं राउंड द वर्ल्ड तिकीट म्हणजे हेच प्रकरण, फक्त इटारसी-नागपूरच्या जागी फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क. जळगावचा माझा भाचा एक दिवस वैतागून म्हणाला, मामा, या तिकिटाच्या ऑनलाइन प्लॅनरमध्ये तीनदा रूट टाकला, तीनदा नापास. यादी बघितली तर त्यानं आवडीची शहरं आठवतील तशी लिहून काढलेली. म्हटलं भो, तू सुरुवातच उलटीकडून केली.

आधी समुद्र, मग शहरं. अटलांटिक एकदा, पॅसिफिक एकदा, दोन्ही एकाच दिशेनं चालताना, आणि ज्या देशातून निघालात त्याच देशात शेवट, शहर वेगळं चालतं. म्हणजे मुंबईहून निघून दिल्लीला उतरलात तरी हरकत नाही. भाच्यानं न्यूयॉर्कनंतर पॅरिस टाकलं होतं कारण तिथं मित्र आहे, पण तिथं अटलांटिक दुसऱ्यांदा ओलांडला जातो आणि रूट बाद. पॅरिस पाहिजे तर ते न्यूयॉर्कच्या आधी घ्या. खंडाच्या आत थोडं मागं-पुढं चालतं, पण समुद्र ओलांडून पुढं गेलात की माघारी नाही.

आता विमान कंपन्यांचा गट ठरवा, कारण या तिकिटावर एकाच गटातल्या कंपन्यांची विमानं चालतात. अशी तिकिटं मुख्यतः स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या दोन गटांची. पहिल्यात एअर इंडिया (२०१४ पासून), लुफ्थान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स, जपानची एएनए. दुसऱ्यात कतार, ब्रिटिश एअरवेज, जपान एअरलाइन्स, क्वांटास. दुबईची एमिरेट्स दोन्हीत नाही, इंडिगोही नाही, त्यामुळे दुबईवरून स्वस्तात जाऊ हे डोक्यातून काढून टाका. आणि फ्लाइट नंबर गटातल्या कंपनीचा असला तरी विमान उडवणारी कंपनी कोण तेही बघा, कोडशेअरमध्ये, म्हणजे नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं, इथंच फसायला होतं.

मग मैल मोजायचे. स्टार अलायन्सचं तिकीट मैलांवर चालतं, २९, ३४ आणि ३९ हजारांचे टप्पे असतात, टप्पा वाढला की भाव वाढतो. वनवर्ल्डमध्ये मैलांवालं आहे आणि किती खंडांत फिरता त्यावर भाव ठरणारंही आहे, जास्त वळणं घेणाऱ्याला ते दुसरं बरं पडतं. फ्लाइट दोन्हीकडे १६ पर्यंत, तिकिटाची मुदत एक वर्ष. आम्ही कागदावर धरलं ते असं: मुंबई-फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल, तिथून न्यूयॉर्क ३,८५०, लॉस एंजेलिस २,४५०, टोकियो ५,४५०, सिडनी ४,८५०, सिंगापूर ३,९००, परत मुंबई २,४५०. बेरीज २७ हजारांच्या आसपास, म्हणजे २९ च्या टप्प्यात आरामात. पण न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या मध्ये साओ पाउलो घुसवलं की तोच आकडा साडेपस्तीस हजारांवर जातो आणि तुम्ही थेट ३९ च्या टप्प्यात. एका शहरापायी दोन टप्पे. भाच्याला ब्राझील पाहिजेच होतं, हिशेब बघून गप बसला. मध्येच कुठं गाडीनं किंवा रेल्वेनं गेलात आणि पुढच्या शहरातून विमान पकडलं तर जमिनीवरचं ते अंतरही मैलांत धरतात, बऱ्याच जणांचा हिशेब तिथंच चुकतो.

२४ तासांचा नियम मात्र आपल्या फायद्याचा. कुठल्याही शहरात २४ तासांपेक्षा जास्त थांबलात तर तो स्टॉपओव्हर, त्याच्या आत असलात तर नुसतं विमान बदलणं. म्हणजे सकाळी उतरून दुसऱ्या पहाटे निघालात तर शहर बघून होतं आणि थांबाही मोजला जात नाही, व्हिसा असेल तर.

व्हिसावर मी जरा जास्त बोलतो कारण आपल्या पासपोर्टला खरी अडचण तीच. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा लागतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, आणि तो साधारण आपण राहतो त्या देशातूनच करायचा असतो. मग युरोप वर्षभराच्या प्रवासाच्या शेवटी ठेवला तर सिंगापुरात बसून अर्ज कसा करणार? म्हणून माझं मत, युरोप आधी उरका, म्हणजेच पश्चिमेकडे निघा. यात लॉस एंजेलिसहून टोकियोला जाताना तारखेची रेषा लागते आणि कॅलेंडरातला एक दिवस गायब होतो, सोमवारी दुपारी निघालात तर पोचता मंगळवारी. हॉटेलचं बुकिंग सोमवारचं करून ठेवू नका.

एवढं जमलं की मग गटाच्या ऑनलाइन प्लॅनरमध्ये टाका. लांबच्या, समुद्र ओलांडणाऱ्या फ्लाइट आधी बसवा, छोट्या नंतर. या तिकिटाला ठराविक बुकिंग क्लासमधलीच, म्हणजे कंपनीनं अशा भाड्यासाठी राखलेलीच सीट चालते, त्यामुळे कंपनीच्या साइटवर विमान रिकामं दिसतं आणि इथं मिळत नाही, अशा वेळी एक-दोन दिवस मागं-पुढं करून बघा. विमानांचं वेळापत्रक साधारण ११ महिने आधी उघडतं, म्हणून शेवटच्या फ्लाइटला आत्ता जवळची कुठलीतरी तारीख टाकायची आणि नंतर बदलायची. तारीख बदलणं सोपं असतं, शहर बदललं की तिकीट नव्यानं निघतं आणि फी लागते. टॅक्स वेगळा, तो शेवटच्या पानावर दिसतो, तिथं दचकू नका. आणि दोन-तीनच ठिकाणी जायचं असेल तर आधी सुटी तिकिटं जोडून भाव बघा, बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं.

तिकीट हातात आल्यावर एकच पथ्य, मधली फ्लाइट न सांगता सोडायची नाही, नाहीतर पुढचं सगळं रद्द होतं. पहिल्या फ्लाइटलाही हेच लागू. भुसावळ ते मुंबई आपला आपण केलेला प्रवास, तो या तिकिटात नाही, गाडी चार तास लेट झाली तर विमान कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही. आदल्या दिवशीच निघा आणि रात्री कल्याणच्या मावशीकडं पाठ टेका.