फेअर आयल कार्डिगन: आधी गोल विणा, मग कापा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधे फेअर आयल हे चिमुकलं बेट आहे. तिथल्या नक्षीदार विणकामात एका ओळीत दोनच रंग असतात आणि सगळं काम गोल, सुलट टाक्यांत चालतं. नक्षी सतत समोर असल्याने चूक लगेच दिसते. मग कार्डिगन पुढून उघडतं कसं? अंग नळीसारखं विणून शेवटी मधोमध कात्री लावतात. त्यासाठी घातलेल्या जादा टाक्यांच्या पट्टीला ‘स्टीक’ म्हणतात.

लोकर कोणती घ्यायची हे या कात्रीवरच ठरतं. शेटलंडची बारीक लोकर (25 ग्रॅमला सुमारे 105 मीटर) खरखरीत असते, तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून गुळगुळीत केलेली) मेरिनो किंवा ॲक्रिलिक निसटतं. पहिल्या कार्डिगनला ते नकोच. 98 सेंमी छातीसाठी सगळे रंग मिळून साधारण 350 ग्रॅम लागते. गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग सारखेच राखाडी दिसले तर ती जोडी सोडा, नक्षी उठणार नाही.

ताण मोजायचा छोटा नमुनाही गोलच विणा. सपाट विणला तर उलट ओळींचा ताण वेगळा पडतो आणि माप फसवं येतं. 3.25 मिमी सुईवर, धुऊन वाळवल्यावर, 10 सेंमीत 28 टाके हवेत. 30 आले तर सुई थोडी जाड घ्या.

आता हिशेब. 98 सेंमी छातीला 8 सेंमी सैल धरून तयार घेर 106 सेंमी, त्यातले 3 सेंमी बटणपट्टीचे. उरलेल्या 103 सेंमीत 288 टाके, म्हणजे 24 टाक्यांची नक्षी 12 वेळा. त्यात एक टाका वाढवून 289 करा, म्हणजे पुढचे दोन्ही भाग आरशासारखे जुळतात. खालच्या पट्टीला मात्र 2.75 मिमी सुईवर 262 अधिक स्टीकचे 8, असे 270 टाके घाला. दोन सुलट, दोन उलट असं 6 सेंमी विणा. सुरुवात आणि शेवट दोन सुलटांनी. मग मोठी सुई घेऊन 27 टाके सारख्या अंतरावर वाढवा.

नक्षी सुरू झाली की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: मागून जाणारा धागा आवळला जातो. असं काम समोरून चुण्या पडलेलं दिसतं आणि धुऊनही सुटत नाही, उसवावंच लागतं. म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी ताणून पसरवा, मगच दुसरा धागा घ्या. एक रंग सलग 7 टाक्यांपेक्षा जास्त मागे राहणार असेल तर तो मधे एकदा विणीच्या धाग्यात अडकवा. शिवाय नक्षीचा धागा नेहमी खालून आणि जमिनीचा (नक्षीमागच्या रंगाचा) वरून न्या. खालचा धागा किंचित उठून दिसतो; मधेच अदलाबदल झाली तर तेवढा पट्टा फिका पडतो.

स्टीकमध्ये दोन्ही रंग एकाआड एक विणा. नवा रंग जोडायचा तो स्टीकच्या मधोमध. तिथली टोकं पुढे कापलीच जातात, त्यामुळे एकेक टोक ओवत बसायला नको.

मुंढ्याशी पोचल्यावर दोन्ही बाजूंचे 14-14 टाके दोऱ्यावर काढून ठेवा, त्यांच्या जागी 8 नवे स्टीकचे घाला. गळ्यालाही हीच युक्ती. खांदे जोडले की अंग कोमट पाण्यात भिजवून, पंच्यात दाबून, सपाट वाळवा.

आता कापणं. प्रत्येक स्टीकच्या चौथ्या-पाचव्या टाक्यांमधली रेघ हीच कापायची जागा. तिच्या दोन्ही बाजूंना मशीनवर बारीक टीप मारा. नळीच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पाठ कापली जाते. मग छोट्या धारदार कात्रीने मधली आडवी धाग्यांची शिडी एकेक पायरी कापत जा.

बाह्या मुंढ्यावरून टाके उचलून खाली मनगटाकडे विणतात. बटणपट्टीसाठी दर 4 ओळींमागे 3 टाके उचला. जास्त उचलले तर पट्टी लहरते, कमी उचलले तर कड वर ओढली जाते. कापलेल्या कडा आत दुमडून सैल टाक्यांनी शिवा. तयार कार्डिगन हँगरला टांगू नका, खांदे लोंबतात. घडी घालून कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत ठेवा.