मत्स्यतळ्यात खाद्यातून प्रतिजैविक देताना

रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, खवले उभे राहिले किंवा पोट पाण्याने फुगले, तर एरोमोनास जिवाणूचा संशय घ्यावा. मात्र औषध आणण्यापूर्वी माशांना उवा चिकटलेल्या नाहीत ना आणि पहाटे ते वर येऊन तोंडे वासत नाहीत ना, हे पाहावे. कारण परजीवींवर किंवा प्राणवायूच्या टंचाईवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. तपासणीसाठी आजारी पण जिवंत मासा न्यावा, कारण मेलेल्या माशात कुजवणाऱ्या जिवाणूंचीच गर्दी असते.

तज्ज्ञाने ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिले, तर मात्रा साधारणतः दर किलो माशामागे रोज ७५ मिलिग्रॅम, सलग १० दिवस, अशी असते. हा हिशेब माशांच्या वजनावर आहे, खाद्याच्या नव्हे, आणि बहुतेकांचे चुकते ते येथेच. तळ्यात सरासरी ५०० ग्रॅमचे १,००० मासे असतील, तर एकूण वजन ५०० किलो होते आणि रोज ३७.५ ग्रॅम मूळ औषध लागते. पाकिटातील भुकटीत ते ५० टक्केच असेल, तर ७५ ग्रॅम भुकटी घ्यावी. निरोगी असताना हे मासे वजनाच्या २ टक्के, म्हणजे १० किलो खाद्य खातात, पण आजारात ते निम्म्यावर येत असेल तर सगळी भुकटी ५ किलो खाद्यातच बसवावी. खाणे पूर्ण सोडून काठाला लागलेल्या माशांपर्यंत हे औषध पोहोचत नाही, म्हणून उपचार लवकर सुरू करण्याला महत्त्व आहे.

हातमोजे घालून भुकटी सुमारे १५० मिलिलिटर खाद्यतेलात कालवावी, घमेल्यातील दाण्यांवर थोडीथोडी ओतत हलवावी आणि खाद्य अर्धा तास सावलीत सुकवावे. उन्हाने हे औषध खराब होते. मग मूठभर दाणे बादलीत टाकून पाहावेत. पाणी लगेच पिवळसर झाले, तर लेप बसलेला नाही. या दिवसांत खाद्यात कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण घालू नये, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते.

मर थांबली तरी १० दिवस पुरे करावेत. त्यानंतर किमान २१ दिवस, थंडीत त्याहून अधिक, मासे विक्रीस काढू नयेत; भारतात माशांतील या औषधाच्या अवशेषावर कायद्याने मर्यादा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर तर बंदीच आहे, तेव्हा आत काय आहे हे न कळणारी बिनलेबलची स्वस्त भुकटी घेऊ नये.