चिनी सुलेखन: अक्षर सुबक, पण निर्जीव? या चुका टाळा

देवनागरी सुलेखन करणारे चिनी सुलेखनाकडे वळले की पहिली चूक कुंचला धरण्यातच होते. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं; कोन सांभाळला की जाड-बारीक आपोआप येतं. चिनी कुंचला गोल आणि निमुळता, त्याची जाडी दाबातून येते. तो कलता धरला तर टोक रेघेच्या कडेने घासत जातं. मग एक कड गुळगुळीत, दुसरी दातेरी आणि रेघ चपटी. कुंचला उभा धरा, टोक रेघेच्या मधोमध चालू द्या. मोठं अक्षर काढताना मनगट कागदावर टेकवू नका.

शाई फुटते म्हणून लोक कागदाला दोष देतात. आन्हुई प्रांतात बनणारा कच्चा शुआन कागद पाणी झटकन पितो, हे खरंच. पण बहुतेक वेळा कुंचलाच निथळत असतो, नाहीतर हात मध्येच थबकतो. शाई घेतल्यावर कुंचला शाई घोटायच्या दगडाच्या कडेला निपटून घ्या. सरस-तुरटी लावलेल्या पक्क्या कागदावर शाई पसरत नाही, मात्र ओल्या-कोरड्या रेघेची गंमतही बरीचशी जाते.

कुंचल्याचे केस फाकत असतील तर मुळाशी शाई वाळलेली असणार. लिहून झाल्याबरोबर धुवा, टोक खाली करून टांगा.

सर्वांत घातक चूक म्हणजे डागडुजी. रेघ बिघडली म्हणून तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवला, की वाळल्यावर दुसरा थर उघडा पडतो. आणि बिघडली म्हणजे तरी काय? चिनी सेनापती आन लुशानने राजसत्तेविरुद्ध केलेल्या बंडात थोर सुलेखनकार यान झेनचिंगचा पुतण्या मारला गेला. त्याच्यासाठी यानने इ.स. 758 मध्ये शोकलेखाचा मसुदा लिहिला. तो आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात खाडाखोड आहे, मध्येच घुसडलेले शब्द आहेत. कुंचल्यातली शाई संपत येते तशी रेघ खरखरीत होते, तरी हात थांबत नाही. पुन्हा शाई घेतली की अक्षर काळंभोर. तो नीट उतरवून काढला असता तर हे सगळं पुसलं गेलं असतं. चिनी सुलेखनातल्या सर्वश्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते, ती या खुणांसकट.

तरीही पहिल्या दिवसापासून मोकाट धावत्या लिपीत उडी मारू नका. आधी ‘खाईशू’, म्हणजे सुटी, रेखीव लिपी. तीत प्रत्येक फटकाऱ्याची सुरुवात, वळण आणि शेवट वेगळा कळतो. तो क्रम हातात बसला नसेल, तर धावतं अक्षर नुसता गुंता होतं.

नमुना गिरवतानाही एक खोड लागते: एकच अक्षर दर वेळी छाप्यासारखं काढायची. थोर सुलेखनकार वांग शीझीने इ.स. 353 मध्ये लिहिलेल्या लानतिंगच्या प्रस्तावनेत (लानतिंग इथल्या मैफलीत रचलेल्या कवितांच्या संग्रहाची ही प्रस्तावना) ‘झी’ हे अक्षर वीस-एक वेळा येतं, दर वेळी निराळं. (मूळ प्रत गेली, आपण पाहतो त्या नंतरच्या नकला.) म्हणून आधी गिरवा, मग समोर ठेवून लिहा, शेवटी नमुना मिटून आठवणीने लिहा. त्यानंतरच दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधा.