मिग-२१ नक्की कोणतं, आणि त्याच्या पंखाखाली काय लावायचं?

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या किटच्या डब्यात शस्त्रांची अख्खी फांदी, म्हणजे सुटे भाग जोडलेली चौकट, भरून येते. क्षेपणास्त्रं, रॉकेटचे पॉड (नळकांडी), बॉम्ब, तीन-चार प्रकारच्या इंधनाच्या टाक्या. नवा माणूस त्यातलं जे डोळ्यांत भरेल ते पंखाखाली चिकटवतो आणि मॉडेल शोकेसमध्ये ठेवतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की फांदीला निपर (भाग कापायची पक्कड) लावायच्या आधी एक फोटो निवडा. एकच विमान, शक्यतो तारखेसकट. शस्त्रं तीन गोष्टींवरून ठरतात: विमानाचा उपप्रकार, साल आणि कामगिरी. या तिन्हींचं उत्तर हातात नसेल तर पंख मोकळे सोडलेले बरे. रिकाम्या पायलनचं, म्हणजे शस्त्रं टांगायच्या रिकाम्या खुंट्यांचं, मिग खोटं दिसत नाही, चुकीच्या क्षेपणास्त्राचं दिसतं.

मी नाशिकची, आणि माझं सगळं काम १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या मापात. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात मिग-२१ चे तीन उपप्रकार बनले. आपल्याकडे त्यांना टाईप ७७, टाईप ९६ आणि टाईप ७५ म्हणत. रशियन नावांनी बघायचं तर एफएल, एम आणि बिस. त्याआधी १९६३ मध्ये चंडीगडला २८ स्क्वाड्रनमध्ये आलेली पहिली विमानं टाईप ७४, म्हणजे एफ-१३. लांबून सगळी सारखीच वाटतात, म्हणून मी फोटो नाकापासून शेपटीकडे वाचते.

नाकावरचा लांब पिटो दांडा, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळी, सगळ्यात आधी. एफ-१३ वर तो नाकाच्या खाली असतो. टाईप ७७ वर तो वर आणि बरोबर मध्यावर. टाईप ९६ आणि ७५ वर तो वरच, पण वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेला. फोटो समोरून किंवा थोडा तिरका असेल तर एवढ्यावरच निम्मं काम होतं.

मग कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण. टाईप ७७ मध्ये पुढची काच आणि वरचं झाकण एकच असतं, बिजागरी पुढे असते आणि उघडल्यावर ते सगळं नाकाकडे कलतं. नंतरच्या दोन्ही प्रकारांत पुढची काच पक्की आणि झाकण उजवीकडे उघडणारं. कॉकपिट उघडं दाखवायचं असेल तर हे आधी बघा, कारण चुकीचं झाकण मागाहून सुधारता येत नाही. पुढे बिसचं बायसन, म्हणजे सुधारित रूप, झालं तेव्हा पुढच्या काचेची चौकट गेली आणि तिथे एकसंध काच आली. बायसन ओळखायची माझ्या मते हीच सर्वांत सोपी खूण.

कॉकपिटमागचा कणा बाजूच्या फोटोत नीट दिसतो. टाईप ७७ चा बारीक, ९६ चा जाडसर, ७५ चा सगळ्यात भरीव आणि शेपटीच्या बुंध्यापर्यंत गेलेला. ९६ आणि ७५ मधला फरक डोळ्यांत बसायला वेळ लागतो. दोन्हींचे बाजूचे फोटो शेजारी ठेवून बघत राहा, दुसरा उपाय नाही.

आता पोट आणि पंख. खरी गंमत इथे आहे, कारण शस्त्रांचं सगळं गणित इथूनच सुटतं. टाईप ७७ ला अंगची तोफ नाही आणि पंखाखाली दोनच पायलन आहेत, एका बाजूला एक. मध्ये पोटाखाली तिसरी जागा. तोफ हवी असेल तर त्या मधल्या जागी जीपी-९ हा २३ मिमी तोफेचा पॉड बसतो. पॉड बसला की मधली टाकी गेली. म्हणजे टाईप ७७ च्या मॉडेलला पोटाखाली टाकी आणि तोफेचा पॉड दोन्ही देताच येत नाहीत. डब्यात दोन्ही असले तरी एकच निवडावं लागतं. टाईप ९६ आणि ७५ ला जोडनळीची २३ मिमी तोफ पोटातच आहे, आणि पंखाखाली चार पायलन. त्यातल्या बाहेरच्या दोघांना ४९० लिटरच्या टाक्या लागतात. पोटाखालची धरून तीन टाक्या लावलेलं विमान दाखवलं, तर शस्त्रांसाठी आतले दोनच पायलन उरतात.

१९७१ च्या डिसेंबरचीच दोन उदाहरणं घेऊ. १२ डिसेंबरला जामनगरच्या बाजूला ४७ स्क्वाड्रनच्या टाईप ७७ ने पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान तोफेने पाडलं. ही हवाई लढाई. म्हणजे पोटाखाली जीपी-९, पंखाखाली के-१३ क्षेपणास्त्रं. १४ डिसेंबरला २८ स्क्वाड्रनच्या मिगनी ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर ५७ मिमी रॉकेटं सोडली. तेच टाईप ७७, पण पंखाखाली आता यूबी-१६ पॉड, प्रत्येकात सोळा रॉकेटं, म्हणजे एका विमानावर बत्तीस. एकच उपप्रकार, तोच आठवडा, तरी दोन मॉडेलं वेगळी. या युद्धातल्या विमानाला आर-६० क्षेपणास्त्र मात्र कधीच लावू नका. ते तेव्हा खुद्द सोव्हिएत हवाई दलातही आलेलं नव्हतं.

रंगाचंही याच काळात जपा. टाईप ७७ मुळात उघड्या धातूचे, चकचकीत. युद्धाच्या तोंडावर त्यातल्या बऱ्याच विमानांवर तळावरच घाईने हिरवे पट्टे मारले गेले, आणि प्रत्येक स्क्वाड्रनची तऱ्हा निराळी. इथे किटच्या रंगतक्त्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

क्षेपणास्त्र ओळखताना मी लांबीपेक्षा पंख्यांकडे बघते, कारण तिरक्या फोटोत लांबी फसवते. के-१३ ला पुढे चार त्रिकोणी पंखे, मागे चार मोठे, आणि मागच्यांच्या कोपऱ्यात छोटी दातेरी चाकं. आर-६० लहानखुरं, बरेचदा एका पायलनवर जोडीने. आर-७३ च्या पुढच्या पंख्यांच्याही पुढे, टोकाजवळ, आणखी चिमुकली पाती असतात. आर-७७ ची मागची पाती जाळीची, त्यात चुकायला जागाच नाही. टोकही बोलतं. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला गोल काच असते, तिथे चकचकीत काळा रंग द्या. रडारवर चालणाऱ्याचं टोक निमुळतं आणि अपारदर्शक.

मग पट्टी घ्या. १/७२ मध्ये के-१३ साधारण ३९ मिमी भरतं, आर-६० २९, आर-७३ ४१ आणि आर-७७ ५० मिमी. डब्यातला भाग याच्या आसपास नसेल तर तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे, किंवा साचा बिघडलेला आहे.

हीच पद्धत इतर विमानांना चालते, फक्त खुणा बदलतात. पुण्यात लोहगावला बरीच वर्षं असलेल्या ६ स्क्वाड्रनचं सागरी जॅग्वार करायचं असेल, तर नाकात छिन्नीसारख्या लेझरच्या टोकाऐवजी रडारचं गोलसर नाक हवं आणि पोटाखाली सी ईगल हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र. आपल्या जॅग्वारवर हवाई लढाईची मॅजिक क्षेपणास्त्रं पंखाच्या वर असतात, खाली नाही. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चूक वाटतं आणि तो ती खाली लावून मोकळा होतो.

चौकात किंवा फाटकाशी ठेवलेल्या विमानांचे फोटो जरूर काढा, पण आकारासाठी. पॅनेलच्या रेघा, चाकांच्या विहिरी, पायलनची जाडी तिथे हाताच्या अंतरावर मिळते. रंग आणि शस्त्रांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. अशी विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात आणि त्यांच्याखाली जे उपलब्ध असेल ते टांगलं जातं. पालमच्या संग्रहालयातही मी हाच नियम पाळते.

शेवटचं काम चिकटवण्याचं. मॉडेल चाकांवर उभं असेल तर क्षेपणास्त्राच्या काचेवर टोपी आणि सुरक्षा पिनांना लाल पट्ट्या शोभतात. स्टँडवर उडतं दाखवलं तर यातलं काहीच नको, आणि आत वैमानिक हवा. पायलन आधी पंखाला लावून पूर्ण वाळू द्या, रंग आणि डिकल (खुणांचे चिकटचित्र) आटोपा, मग शस्त्रं. समोरून डोळा पंखाच्या पातळीला आणून बघा आणि डावं-उजवं समांतर आहे याची खात्री करा. डिंक ओला असेपर्यंतच ते सरळ करता येतं.