लादी, प्लाय, नळाच्या दुकानात त्रास होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालाच तर पुढे कुठे जायचं

मुंबईत घराचं काम काढलं की या दुकानांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी वागणूक कशी मिळते ते ज्याने काम काढलंय त्याला विचारा. आपण काउंटरला उभे, आपल्या मागून आलेल्या ठेकेदाराचा माल आधी निघतो, रेट विचारला तर "तुमच्या कडियाला (लादी बसवणाऱ्या गवंड्याला) पाठवा, त्याला सांगतो", आणि फुटलेली लादी परत न्यायला सांगितलं की शेठचा फोन लागत नाही. याचं कारण सरळ आहे. ठेकेदार दर आठवड्याला माल उचलतो, त्याचं उधारीचं खातं चालू असतं, बऱ्याच ठिकाणी बिलामागे त्याचं कमिशनही ठरलेलं असतं, आणि आपण दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणार. मग दुकानदार कोणाला सांभाळणार? म्हणून आपलं वजन फक्त पैसे हातात असेपर्यंत. जे काय ठरवायचं ते पेमेंटच्या आधी ठरवा आणि लिहून घ्या, तोंडी "हो हो होऊन जाईल" वर पुढे जाऊ नका.

आधी कुठून घ्यायचं ते. वायर, स्विच, लाईट यासाठी लोहार चाळ, पाईप-फिटिंग आणि टूल्ससाठी नागदेवी स्ट्रीट, तिथे व्हरायटी भरपूर आणि रेटही चांगला सुटतो. पण लादी, कमोड, बेसिन, म्हणजे जे फुटू शकतं किंवा बदलून घ्यावं लागू शकतं ते माझ्या मते घराजवळच्या दुकानातूनच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मुलुंड किंवा बोरिवलीहून चार बॉक्स बदलायला टेम्पो करून मसजिद बंदरच्या बाजूला, या बाजारांत जायचं म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच संपले. आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, तेव्हा सगळे ठेकेदार आणि टेम्पोवाले असतात, दुपारी जेवणानंतर गेलात की शेठ स्वतः बसून बोलतो. काउंटरवरच्या पोराशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं आणि बोलणी मात्र तोच खातो.

आता बिल. "बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल" हे हमखास ऐकायला मिळेल. घेऊ नका. लादी, प्लाय, नळ या बहुतेक मालावर 18 टक्के जीएसटी आहे, रक्कम मोठी दिसते म्हणून मोह होतो, पण कच्च्या कागदावर माल घेतला की नंतर तो माल त्याच दुकानाचा होता हेच सिद्ध करताना नाकी नऊ येतात. पक्क्या बिलावर 15 अंकी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 ने सुरू होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल तुमच्या नावाने करा, ठेकेदाराच्या नावाने नको. पैसे तुमचे आणि बिलावर नाव त्याचं असलं की पुढे तक्रार करताना समोरचा पहिला प्रश्न हाच काढतो की हे आमचे गिऱ्हाईकच नाहीत. यूपीआय करताना पण स्क्रीनवर दुकानाचं नाव येतंय ना बघा.

बिलावर नुसतं "टाईल्स 15 बॉक्स" नको. कंपनी, मॉडेल, साईज, शेड नंबर, लॉट म्हणजे बॅच नंबर, सगळं लिहायला लावा. प्लाय असेल तर 303 की 710 (हे भारतीय मानकाचे, म्हणजे आयएसचे नंबर) ते लिहून घ्या, किचन आणि बाथरूमजवळ पाण्यात टिकणारा 710 लागतो आणि वरवर बघून आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात. शीटवर आयएसआय मार्कसोबत सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि चालू आहे की नाही ते कळतं. दुकानात उभं राहून तपासा, कोणी तोंड वाकडं केलं तरी चालेल. सिमेंटच्या गोणीवर कुठल्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका, पावसाळ्यात तर ताजीच मागा कारण दमट हवेत गोणीत गाठी होतात.

लादीचं थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात. दुकानात जिला "दोन बाय दोन" म्हणतात ती असते 600 बाय 600 एमएम, म्हणजे पूर्ण दोन फूट नाहीच. चार लाद्यांचा बॉक्स 1.44 चौरस मीटर, म्हणजे साधारण 15.5 चौरस फूट, पण कित्येक ठिकाणी बिल 16 फुटाने लावतात. म्हणून फुटाच्या रेटवर न जाता "बॉक्सचा रेट सांगा" म्हणायचं. 200 फुटांची खोली असेल तर कटिंग आणि तुटफुटीसाठी दहा टक्के धरून 220, भागिले 15.5, म्हणजे 15 बॉक्स. हे सगळे एकदम आणि एकाच लॉटचे घ्या. "कमी पडले तर नंतर न्या" म्हणतात पण नंतर तो लॉट मिळत नाही, मॉडेल तेच असलं तरी रंगात फरक पडतो आणि साईजमध्येही एखादा एमएम इकडेतिकडे, मग सांधे जुळत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंकडे हॉलची लादी दोन लॉटची आली, कडियाने न बघता अर्धी बसवली, आणि दुकानदार म्हणाला बसवलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही. कंपन्यासुद्धा हेच म्हणतात, बॉक्सवर छापलेलं असतं. तेव्हा बसवायच्या आधी चार-पाच बॉक्स उघडून त्यांतल्या लाद्या जमिनीवर बाजूबाजूला मांडा, उजेडात बघा, आणि फरक दिसला तर एकही लादी लावू देऊ नका, कडियाची एक दिवसाची मजुरी फुकट गेली तरी चालेल. उरलेले न उघडलेले बॉक्स परत घेणार का, किती दिवसांत घेणार, पैसे देणार की फक्त दुसरा माल, हेही बिलाच्या मागे लिहून सही घ्या.

डिलिव्हरीत ठरवायची गोष्ट एकच, गेटपर्यंत की दारापर्यंत. टेम्पोवाला गेटवर माल उतरवून "वर चढवायचं आमच्यात नाही" म्हणतो, सोसायटी लिफ्टमध्ये माल चढवू देत नाही, आणि मग चौथ्या माळ्यापर्यंतची हमाली ऐनवेळी मागतील ती द्यावी लागते. आधीच विचारा आणि चलानवर (मालासोबत येणाऱ्या डिलिव्हरीच्या कागदावर) लिहा. सोसायटीत माल उतरवायची वेळ काय ती वॉचमनला विचारून दुकानात कळवा. माल आला की चलानवर डोळे मिटून सही नको. मोजा, फुटलेले बॉक्स दिसले तर चलानवरच "3 बॉक्स फुटलेले" असं पेनने लिहून मग सही, आणि तपासायला वेळ देत नसतील तर "माल तपासलेला नाही" एवढं तरी लिहा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, त्यात लॉट नंबर दिसू द्या. शक्य असेल तिथे थोडी रक्कम माल तपासून झाल्यावर देईन असं आधीच ठरवा, बरीच दुकानं ऐकतात.

एवढं करूनही माल खराब निघाला तर त्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर लिहा, फोनवरचं बोलणं पुराव्याला उभं राहत नाही. साधारण असं:

"नमस्कार शेठ, बिल नंबर अमुक, तारीख अमुक. आज आलेल्या 15 बॉक्सपैकी 4 बॉक्सचा लॉट वेगळा आहे, फोटो आणि व्हिडिओ पाठवतेय. लादी बसवलेली नाही. येत्या 7 दिवसांत त्याच लॉटचे 4 बॉक्स द्या किंवा पैसे परत करा, आणि नेण्या-आणण्याचा खर्च तुमच्याकडे."

शिव्या नाहीत, धमकी नाही, फक्त काय झालं आणि काय हवं ते. सोबत कंपनीच्या कस्टमर केअरलाही तक्रार टाका आणि नंबर घ्या, कारण कंपनीचा माणूस बघायला आला की डीलर लगेच नरम येतो. नळ आणि फिटिंगच्या बाबतीत तर आधी कंपनीच गाठा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दाखवतील. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट आहे, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, बिल न देणंसुद्धा. पण लक्षात घ्या, हे सदोष मालासाठी आहे, आपल्याला रंग आवडला नाही म्हणून दुकानदारावर सक्ती होत नाही.

सात दिवस गेले आणि काही हललं नाही तर हेच सगळं कागदावर लिहून स्पीड पोस्टने पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. मग 1915 ला फोन, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत पण दुकानाशी किंवा कंपनीशी संपर्क करतात आणि मोठ्या कंपन्या तिथे बऱ्यापैकी उत्तर देतात, छोटं दुकान कदाचित देणार नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाईन टाकता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे दुकान ठाण्याला असलं तरी अंधेरीत राहणाऱ्याला उपनगर जिल्ह्यात चालतं. मालासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. तारखा पडतात, वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

एकट्याने जमणार नाही असं वाटत असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, 1975 पासून काम करतेय, विलेपार्ल्याला ग्राहक भवन, तिथे तक्रारीसाठी मार्गदर्शन करतात. जाताना बिल, सही केलेलं चलान, पेमेंटचा स्क्रीनशॉट, फोटो, व्हॉट्सॲप चॅटची प्रिंट आणि स्पीड पोस्टची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन जा, ओरिजिनल कोणाच्याही हातात देऊ नका.