जवाच्या मॉल्टचा पाक: पातेल्यात बसणारी मॅश बास्केट कशी करून घ्यावी

भरडलेला जवाचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. यालाच मॅश म्हणतात. बीअरची सुरुवातही इथूनच होते. पण मध्य प्रदेशात परवान्याशिवाय घरी बीअर करणं अबकारी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा इंदूरच्या स्वयंपाकघरात हा गोड अर्क आंबवायचा नाही, आटवून पाक करायचा. दुधात, दशमीत, केकमध्ये तो फार छान लागतो. त्यासाठी मॉल्ट एका झटक्यात बाहेर काढता येईल अशी बास्केट हवी.

आधी पातेलं मोजा. बर्तन बाजारात उभ्या भिंतीचं, ३० सेंमी व्यासाचं आणि तेवढ्याच उंचीचं पातेलं घेतलं तर त्यात साधारण २१ लिटर मावतं. ३ किलो मॉल्ट आणि १२ लिटर पाणी घातलं की पातळी २० सेंमीच्या आसपास येते. म्हणजे ढवळायला पुरेशी जागा उरते.

आता बास्केट: व्यास २७, उंची २४ सेंमी, खाली ४ सेंमीचे तीन पाय. पाय हवेतच, नाहीतर मॉल्ट तळाला लागून करपतो आणि तो वास पाकातून जात नाही. बाजूची फट मात्र दीड सेंमीपेक्षा वाढू देऊ नका. फटीतल्या पाण्याचा मॉल्टशी संबंधच येत नाही; फट जितकी रुंद, तितका अर्क पातळ.

पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, १ मिमी जाडीचा, २ मिमी भोकांचा घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४च, असं समजू नका. स्वस्त २०२ लाही सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. बाजूच्या पट्टीची लांबी जोडासकट ८६.५ सेंमी लागेल. भोकांची खरखरीत बाजू बाहेर ठेवायला कारागिराला सांगा, म्हणजे आतून घासताना हात कापणार नाही. तळाचा अर्क वर आणून सोडायला पंप लावणार असाल तर बाजू बंद पत्र्याच्या करा, म्हणजे वरून सोडलेला अर्क मॉल्टमधूनच खाली उतरेल. हातानेच ढवळायचं असेल तर बाजूंनाही भोकं हवीत.

बारीक जाळीचा मोह टाळा. गाळण्याचं खरं काम जवाची टरफलंच करतात. म्हणून चक्कीवर पीठ न करता भरड करून घ्या: दाणा फुटलेला, टरफल शाबूत. पीठ झालं तर कुठलीही जाळी तुंबते.

बास्केट उचलायच्या कडीकडे दुर्लक्ष नको. ओला मॉल्ट निथळल्यावरही ६ किलोच्या घरात असतो, उचलताना त्याहून जड. कडीला ८ मिमीची सळई वापरा आणि बास्केटला बाहेरून, मधल्या उंचीवर दुमडता येणारे तीन आकडे लावून घ्या. बास्केट वर ओढून हे आकडे पातेल्याच्या काठावर टेकवले की ती आपोआप निथळत राहते. पातेल्याचा काठ मजबूत नसेल तर आडव्या दोन सळया टाका.

मॅश चालू असताना दर दहा मिनिटांनी बास्केट थोडी वर-खाली करा, म्हणजे तळाचं आणि फटीतलं पाणी मॉल्टमध्ये मिसळतं. तासाभराने बशीत अर्काचा एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च बाकी आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. तपासलेला थेंब फेकून द्या. साधारण ९ लिटर अर्क हाती येईल. तो पसरट कढईत मधासारखा दाट होईपर्यंत आटवा. उरलेला चोथा त्याच दिवशी गाईला घाला आणि भोकं ओली असतानाच ब्रशने घासून घ्या.